सोबती योजना सुधारायची, तर मुलांना काय आणि कसे विचारावे

समवयस्क आधार योजनेत थोडे प्रशिक्षण घेतलेली मुले आपल्याच वयाच्या मुलांचे ऐकून घेतात. या मुलांना इथे आपण सोबती म्हणू. शाळा असो, कॉलेज असो की वसतिगृह, अशी योजना सुरू करणे अवघड नसते. अवघड असतो तिसरा महिना. खोली ठरलेली असते, वेळापत्रक भिंतीवर असते, सोबती बिल्ला लावून बसलेले असतात आणि कोणी फिरकत नाही. मग मोठी माणसे आणखी पोस्टर लावतात.

हा प्रश्न पोस्टरने सुटत नाही, कारण बहुतेक ठिकाणी मुलांना योजनेची माहिती असते आणि तरीही ती येत नाहीत. का येत नाहीत हे त्यांनाच ठाऊक असते. म्हणून सुधारणेची सुरुवात आलेल्या मुलांच्या समाधानापासून नको, न आलेल्या मुलांच्या कारणांपासून हवी. ती कारणे कशी काढून घ्यायची आणि त्यावर काय करायचे, ते पुढे दिले आहे.

विचारण्याआधी

एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात आपण स्वतः लगेच बदलू शकतो त्या गोष्टी लिहा: खोली, वेळ, बिल्ला, सोबती निवडण्याची पद्धत. दुसऱ्यात वरिष्ठांची परवानगी लागेल त्या: प्रशिक्षणासाठी तासांमधून वेळ, बाहेरचा समुपदेशक, खर्च. तिसऱ्यात कोणी काहीही म्हटले तरी बदलणार नाहीत त्या. जिवाला धोका असल्यास मोठ्यांना कळवणे ही त्यातली पहिली. हा कागद मुलांना चर्चेच्या सुरुवातीलाच दाखवा. नाही तर मुले तासभर तिसऱ्या रकान्यातल्या गोष्टींवर बोलतात, त्यातले काहीच घडत नाही आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

मुलांचे मत घेणे ही मेहरबानी नाही. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील कलम 12 नुसार, मुलांशी संबंधित बाबींत त्यांना मत मांडण्याचा आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळण्याचा हक्क आहे. मुलांच्या विषयातले अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणे, शोभेला उभे करणे आणि नावापुरते विचारणे. सगळे ठरल्यावर दोन हुशार मुलांना बैठकीत बसवणे ही यातली तिसरी पायरी. ‘आम्ही मुलांना विचारले होते’ असे सांगणाऱ्या अनेक योजना याच पायरीवर असतात.

कोणाला विचारायचे

चार प्रकारच्या मुलांकडून चार वेगळ्या गोष्टी कळतात: ज्यांनी सोबत्याची मदत घेतली, ज्यांनी कधीच घेतली नाही, जे आज सोबती आहेत आणि ज्यांनी सोबतीपण मध्येच सोडले. शेवटच्या गटाला सहसा कोणी विचारत नाही. खरे तर ओझे कुठे असह्य होते, हे सर्वात नेमके तीच मुले सांगतात. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर अर्धा वेळ न आलेल्या मुलांना द्या, उरलेला बाकीच्या तिघांत वाटा.

न आलेल्यांसाठी सहा ते आठ जणांचे गट करा. वयात दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. तेरा वर्षांचे मूल सतरा वर्षांच्या मुलासमोर बोलत नाही. प्रत्येकाला एक मित्र किंवा मैत्रीण सोबत आणू द्या. पन्नास मिनिटे पुरतात. मुली, मुलगे आणि मिश्र असे वेगळे गट हवेत का, हे आधी त्यांनाच विचारा. चर्चा चालवणारे दोघे असावेत: गटापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा, थोडी तयारी केलेला एक तरुण किंवा तरुणी, आणि त्या मुलांना न शिकवणारी एक मोठी व्यक्ती. वर्गशिक्षक खोलीत नकोत. त्यांचा स्वभाव कितीही चांगला असला, तरी गुण देणारा माणूस समोर असला की उत्तरे बदलतात. ध्वनिमुद्रण करू नका. एकाने बोलायचे, दुसऱ्याने मुलांचे शब्द जसेच्या तसे टिपायचे. ‘गोपनीयतेबाबत शंका’ असे लिहू नका. मूल ‘दुपारपर्यंत सगळ्या वर्गाला कळेल’ म्हणाले असेल, तर तेच लिहा. काय बदलायचे ते त्या वाक्यातून कळते.

मदत घेतलेल्या मुलांचा मात्र गट करू नका. ही चूक चांगल्या हेतूने फार वेळा होते. त्यांना एका खोलीत बोलावले की कोण कोण मदत घेत होते, ते सगळ्यांना दिसते. त्याऐवजी संपूर्ण वर्गाला एकसारखी चिठ्ठी द्या, प्रत्येकाने पाच मिनिटे लिहायचे. योजनेशी संबंध न आलेल्यांसाठी चिठ्ठीच्या मागे वेगळे दोन प्रश्न ठेवा, म्हणजे सगळ्यांचेच हात चालू राहतील आणि कोण जास्त लिहीत आहे ते कोणाच्या लक्षात येणार नाही. लहान वर्गात हस्ताक्षर ओळखू येते. तिथे खुणा करायचेच प्रश्न द्या, किंवा चिठ्ठ्या बाहेरच्या व्यक्तीकडून वाचून घ्या आणि मजकूर उतरवून झाला की मूळ चिठ्ठ्या फाडा.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची परवानगी घ्या, पण मुलाचा स्वतःचा होकारही वेगळा घ्या. ‘उत्तर द्यायचे नाही’ आणि ‘उठून जायचे आहे’ या दोन मुभा सुरुवातीलाच सांगा, आणि कोणी उठले तर ‘का’ विचारू नका.

कोणते प्रश्न

‘योजना आवडते का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते आणि त्यातून काही कळत नाही. ‘तुला कधी गरज पडली होती का?’ हा प्रश्न दहा जणांत विचारणे तर सरळ अन्याय आहे. तिसऱ्या व्यक्तीवर प्रश्न टाकले की मुले मोकळेपणाने बोलतात. हे पाच प्रश्न पुरेसे आहेत:

1. तुमच्या वर्गातल्या कोणाला रात्री झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, तर ती व्यक्ती सर्वात आधी कोणाला सांगेल?
2. ती सोबत्याकडे जाणार नसेल, तर का?
3. ती गेली, तर तिथे पोहोचेपर्यंत तिला कोण कोण पाहील?
4. सोबती म्हणून कोण चालेल, कोण चालणार नाही? नावे नकोत, स्वभाव सांगा.
5. एकच गोष्ट बदलता येणार असेल, तर कोणती?

तिसऱ्या प्रश्नासाठी जमल्यास गटाला घेऊन वर्गापासून त्या खोलीपर्यंत चालत जा. कार्यालयाच्या खिडकीसमोरून जावे लागते, दार काचेचे आहे, बाहेरच्या बाकावर कायम मोठ्या वर्गाची मुले बसलेली असतात: हे सगळे बसून बोलताना कोणाला आठवत नाही, चालताना दोन मिनिटांत समोर येते.

बोलता बोलता एखाद्याने स्वतःचे गंभीर काही सांगितले, तर चर्चा तिथे नेऊ नका. ‘हे महत्त्वाचे आहे, आपण यानंतर दोघे बोलू’ एवढे म्हणा आणि त्याच दिवशी बोला. त्या दिवशी समुपदेशक किंवा जबाबदार मोठी व्यक्ती आवारात आहे, याची खात्री करूनच चर्चा ठेवा.

‘बाहेर जाईल’ ही भीती

बहुतेक गटांत हेच कारण सर्वात वर येते, आणि यावरच सर्वात जास्त काम करावे लागते. मुलांना भीती दोन दिशांची असते. एक, सोबती आपल्या मित्रांना सांगेल. दोन, सोबती शिक्षकांना सांगेल आणि तिथून गोष्ट घरी जाईल. या दोन भीतींवरचे उपाय वेगळे आहेत, पण योजना दोन्हींना ‘सर्व काही गुप्त राहील’ हे एकच उत्तर देते. हे वचन खोटे आहे. जिवाला धोका असेल तर सोबत्याला सांगावेच लागते, आणि ज्या दिवशी तो सांगतो त्या दिवशी योजनेवरचा विश्वास संपतो.

त्याऐवजी काय बाहेर जाणार नाही आणि काय जाईल, हे पहिल्या दोन मिनिटांत साध्या शब्दांत सांगायला प्रत्येक सोबत्याला शिकवा:

‘तू सांगशील ते मी मित्रमैत्रिणींना सांगणार नाही, घरी सांगणार नाही. पण तुझ्या किंवा आणखी कोणाच्या जिवाला धोका आहे, किंवा कोणी तुला इजा करतंय, नको तसा स्पर्श करतंय असं कळलं, तर मी ते एकटा सांभाळू शकत नाही. तेव्हा मी आपल्या ताईंना सांगेन. त्यांना सांगण्याआधी तुला सांगेन, आणि तू म्हणालास तर आपण दोघं मिळून जाऊ.’

हे शब्द पाठ करून घेऊ नका. प्रत्येक सोबत्याने ते आपल्या बोलीत बसवून किमान पाच वेळा मोठ्याने म्हणावेत. ‘ताई’ म्हणजे नेमकी कोण, हे येणाऱ्याला नावाने माहीत हवे. त्या व्यक्तीकडे गेलेली गोष्ट पुढे कोणाकोणाकडे जाते, तेही कागदावर उतरवा आणि सगळ्यांना दिसेल असे लावा. ‘वरती कळवले’ या शब्दांतल्या ‘वरती’ची मुलांना जास्त धास्ती असते.

पहिल्या भीतीसाठी मुले एक गोष्ट हमखास मागतात: सोबती आपल्या वर्गातला नको, पण आपल्या वयापासून फार दूरही नको. तेव्हा एक-दोन वर्षांनी मोठा सोबती आणि किमान तिघांमधून निवडण्याची सोय ठेवा. कोणाकडे जायचे ते येणाऱ्याने ठरवायचे. कारण न देता सोबती बदलून घेता आला पाहिजे. आणि सोबत्याने गोष्ट फोडली तर काय होईल, याचा नियम आधीच ठरवा. फोडणाऱ्याला त्या कामातून थांबवायचे, ज्याची गोष्ट फुटली त्याच्याकडे मोठ्या व्यक्तीने जाऊन माफी मागायची. हा नियम न पाळणारी योजना पुढे चालवण्यात अर्थ नाही.

सोबती कोणी निवडायचे

शिक्षकांनी निवडले की वर्गप्रतिनिधी, वक्तृत्वातली बक्षिसे मिळवणारे, नीटनेटक्या वहीवाले निवडले जातात. ती मुले चांगलीच असतात, पण अडचणीतल्या मुलाला त्यांच्यासमोर बसणे म्हणजे शिक्षकांच्या खोलीत जाण्यासारखेच वाटते. दुसरे टोक म्हणजे उघड निवडणूक. तीत लोकप्रियता जिंकते.

मधला मार्ग सहाध्यायींच्या गुप्त शिफारशीचा. इंग्लंड आणि वेल्समधल्या 59 शाळांत 12-13 वर्षांच्या मुलांमध्ये धूम्रपान रोखण्यासाठी असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाबद्दल आदर वाटतो, कोण पुढाकार घेते, असे प्रश्न मुलांना विचारून सर्वाधिक नावे आलेल्या सुमारे 17.5 टक्के मुलामुलींना प्रशिक्षणाचे निमंत्रण दिले गेले. शिक्षकांनी त्या यादीतून नावे गाळायची नव्हती, त्यामुळे ‘त्रासदायक’ समजली जाणारी मुलेही त्यात आली. यांपैकी ज्या शाळांत अशी निवड आणि प्रशिक्षण झाले, तिथे धूम्रपानाचे प्रमाण तुलनेसाठी ठेवलेल्या बाकीच्या शाळांपेक्षा कमी राहिले. तो प्रयोग भावनिक आधाराचा नव्हता, म्हणून प्रश्न बदलून घ्या: ‘कोण ऐकून घेते?’, ‘कोणाला सांगितले तर ते तिथेच राहते?’, ‘चूक सांगितली तरी कोण हसत नाही?’ प्रत्येकाने तीन नावे लिहायची.

नावे आल्यावर मोठ्या व्यक्तीने प्रत्येकाशी पंधरा मिनिटे बोलावे. नाही म्हणण्याचा मार्ग सोपा ठेवा. जे मूल आज स्वतः मोठ्या दुःखातून जात आहे, त्याला या फेरीत न घेता पुढच्या फेरीसाठी विचारा, आणि हे त्याला नाकारल्यासारखे वाटणार नाही अशा शब्दांत सांगा. यादीवर एकदा नजर टाका: सगळे एकाच घोळक्यातले, एकाच भाषेतले, एकाच लिंगाचे असतील, तर ज्या मुलांचे कोणीच यादीत नाही त्यांना विचारून आणखी दोन-तीन नावे घ्या.

प्रशिक्षण आणि देखरेख

बारा ते सोळा तास लागतात, आणि ते सलग दोन दिवसांत कोंबण्यापेक्षा सहा-आठ आठवड्यांत पसरलेले बरे. मुलांची नेहमीची तक्रार अशी, की प्रशिक्षणात भाषणे फार आणि सराव कमी असतो. निम्म्याहून अधिक वेळ तिघांच्या गटात सरावाला द्या: एक बोलतो, एक ऐकतो, एक पाहतो, दर सात मिनिटांनी भूमिका बदलतात. सरावासाठी खऱ्या मुलांचे खरे प्रसंग वापरू नका. शिकवायचे ते थोडेच आहे: मध्ये न तोडता ऐकणे, सल्ला देण्याचा मोह आवरणे, धोक्याच्या खुणा ओळखणे, पुढे पोहोचवणे, आणि बोलणे संपवणे. शेवटचे सर्वात अवघड जाते. तीस-चाळीस मिनिटांनंतर ‘आज इथे थांबू, गुरुवारी पुन्हा भेटू’ असे म्हणणे मुलांना निर्दयपणा वाटतो. त्याचाही सराव लागतो.

एक गोष्ट ठामपणे शिकवा. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर सोबत्याने त्या मुलाला एकटे सोडायचे नाही आणि लगेच मोठ्या व्यक्तीला गाठायचे. पुढचे काम मोठ्यांचे. किती धोका आहे हे तोलणे सोबत्याचे काम नाही.

दर दोन आठवड्यांनी पाऊण ते एक तासाची बैठक, सहा ते आठ सोबती आणि एक प्रशिक्षित मोठी व्यक्ती. तीत नावे घ्यायची नाहीत. ‘मला काय जड गेले’ एवढेच बोलायचे. एका सोबत्याकडे एका वेळी दोन किंवा फार तर तीन नियमित मुले असावीत. परीक्षेच्या महिन्यात एकच. मदत करणाऱ्यालाही मदतीतून बळ मिळते, हे अमेरिकी अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी 1965 मध्येच मांडले होते आणि ते खरे आहे, पण मागे कोणी उभे असेल तरच. सोडून गेलेल्या सोबत्यांना विचारले की बहुधा हेच कळते: रात्री अकराला आलेला निरोप, काय करावे ते सुचत नाही आणि विचारायला कोणी नाही.

म्हणून फोनचा नियम आधी ठरवा. सोबत्याचा स्वतःचा नंबर द्यायचा नाही. निरोपांसाठी योजनेचे सामाईक खाते ठेवा, ते मोठ्या व्यक्तीलाही दिसते हे सर्वांना सांगा, आणि ठरलेल्या वेळेनंतर आपोआप जाणाऱ्या उत्तरात रात्रीही चालू असलेल्या मदतसेवेचा क्रमांक द्या. तो क्रमांक दर महिन्याला स्वतः लावून पाहा.

जागा आणि बिल्ला

जिथे जायला दुसरे एखादे साधे कारण असते, अशी जागा निवडा: ग्रंथालयाचा कोपरा, खेळाच्या साहित्याची खोली, चित्रकलेचा वर्ग. दार बंद न करता आवाज बाहेर जाणार नाही आणि बाहेरून कोणीतरी बसलेले दिसेल, इतकेच हवे. सोबत्याच्या सुरक्षिततेसाठी तेही गरजेचे आहे. ड्युटीवर दोघे असावेत. बिल्ल्याबद्दल मुलांची मते फाटलेली असतात. लहान वर्गांना बिल्ला हवा असतो, मोठ्यांना नको. दोन्ही मान्य करायला काहीच हरकत नाही.

उत्तर परत देणे

चर्चेनंतर चार आठवड्यांच्या आत एक पान लावा. डाव्या बाजूला मुलांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, उजव्या बाजूला काय केले, कधीपासून, कोणी. जे केले नाही ते लपवू नका; समोर कारण लिहा. पहिल्या पंधरा दिवसांत एक तरी दिसणारा बदल करा, मग तो बाकाची जागा हलवण्याइतका छोटा असला तरी चालेल. मोठ्या बदलांना वेळ लागतो, तोवर मुलांना आपले ऐकले गेले हे दिसायला हवे. पान लावण्याआधी चर्चेत आलेल्या दोन-तीन मुलांना दाखवा. कोणाचे वाक्य ओळखू येत असेल तर ती सांगतील.

मोजायचे काय

किती जण आले, हा आकडा एकटा फसवा असतो. संख्या वाढली ती विश्वासामुळे, की तास बुडवायला, ते त्यातून कळत नाही. सोबत्याने प्रत्येक भेटीनंतर चारच गोष्टी लिहाव्यात: तारीख, मिनिटे, विषयाचा ढोबळ प्रकार, पुढे पोहोचवले की नाही. नाव, वर्ग, तपशील काही नाही. एखाद्या प्रकारात पाचपेक्षा कमी भेटी असतील, तर तो आकडा बाहेर दाखवू नका. लहान संस्थेत त्यावरूनही माणूस ओळखता येतो.

त्याबरोबर दर सहामाहीत सगळ्या मुलांना तीनच प्रश्न विचारा: सोबती कुठे भेटतात हे माहीत आहे का, गरज पडली तर जाल का, नसेल तर एका ओळीत कारण. पुढच्या फेरीच्या चर्चेत निम्मी मुले नवी घ्या. दुसऱ्या प्रश्नाचे ‘हो’ वाढत असेल आणि कारणांमध्ये ‘बाहेर जाईल’ कमी होत असेल, तर योजना सुधारते आहे, भेटींची संख्या तेवढीच राहिली तरी.

थांबवण्याची वेळ

देखरेख करणारी मोठी व्यक्ती सोडून गेली आणि दुसरी मिळाली नाही, तर भेटी थांबवा. सोबत्यांना एकटे चालवू देऊ नका, त्यांची कितीही तयारी असली तरी. शक्य असेल तर दोन आठवडे आधी सांगा. नियमित येणाऱ्या प्रत्येकाची एक शेवटची भेट ठेवा. त्यात यापुढे कोणाकडे जायचे ते नावाने सांगा आणि त्या व्यक्तीशी समोरासमोर ओळख करून द्या. सामाईक खात्यावर तसा निरोप ठेवा, भिंतीवरचे वेळापत्रक त्याच दिवशी काढा. रिकाम्या खोलीपर्यंत चालत आलेले मूल बहुधा दुसऱ्यांदा कुठे जात नाही.